मी ओरडणार न्हाई

दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलं की आतलं सगळं ऐकू येतं. दार असतं, पण ते अर्धवट लोटलेलं. आतल्या मशीनचा बारीक, कानात शिरणारा आवाज, ट्रेमधल्या हत्यारांची किणकिण, "आ करा, अजून मोठा आ करा," हे सगळं बाहेरच्यांच्याही वाट्याला येतं. त्या दिवशी मी रूट कॅनॉलचं राहिलेलं काम करून घ्यायला गेले होते. माझ्या आधी एक आजी आत गेल्या. नऊवारी लुगडं, गालाला पदर दाबून धरलेला, सोबत सून. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की वरची दाढ वाचण्यासारखी नाही, आज काढून टाकू, इंजेक्शन देऊन जागा बधिर केली की कळणारही नाही. त्यानंतर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आजींचा आवाज आला, अगदी स्वच्छ: "सुई नगं बाई. दाढ हलतीया, तशीच उपटा. मी ओरडणार न्हाई."

सुनेने समजावून पाहिलं. "अवो आत्या, काय होत न्हाई, मुंगी चावल्यागत हुतंय नुसतं." डॉक्टरांनी समजावलं. आजी हटेनात. बधिर केल्याशिवाय मी दाढेला हात लावणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांचं बरोबरच होतं. शेवटी गोळ्या लिहून घेऊन दोघी बाहेर आल्या. सून संकोचली होती, आजी मात्र सुटल्यासारख्या दिसत होत्या. चपला घालताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दाढंचं सोसतंय की. टाळूतल्या सुईचं न्हाई सोसत."

ओरडणार नाही, असा शब्द त्या आपण होऊन देत होत्या. तो माझ्या डोक्यातून जाईना.

कारण असा शब्द कुणाला द्यावा लागू नये, म्हणूनच तर भूल शोधली गेली. आणि तिचा शोध लागला तोही दातांमुळे. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने 1844 मध्ये नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. दोन वर्षांनी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने इथर देऊन शस्त्रक्रियेतली भूल जगाला दाखवली, तोही दंतवैद्यच. म्हणजे दात उपटताना माणसाला जे सोसावं लागे ते रोज बघणाऱ्यांनी ही वाट काढली. आणि इतक्या वर्षांनी त्याच खुर्चीत एक म्हातारी बाई म्हणते की तुमचं औषध नको, मला दुखणंच द्या. तिला अडाणी म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला ते जमेना, कारण ती टाळूतली सुई मलाही माहीत आहे.

तालुक्याच्या गावी एका कापडदुकानाच्या वर दाताचा दवाखाना होता. लाकडी जिना, हिरव्या रेक्झिनची खुर्ची, स्पिरिट आणि लवंगतेलाचा मिसळलेला वास. मी तिसरी-चौथीत असेन. वरची दुधाची दाढ किडून सुजली होती. स्टीलच्या डब्यात पाणी खदखदत होतं आणि त्यात काचेची सिरिंज उकळत होती. त्या पाण्याचा खळखळ आवाज अजून कानात आहे. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही, फक्त बघतो." बाबांनी मागून माझी मनगटं धरली. त्यानंतर टाळूत जे झालं ते टोचल्यासारखं नव्हतंच. आतून काहीतरी तटतटत, ताणत वर जात होतं, डोळ्यांच्या मागपर्यंत. डोळ्यांतून आपोआप पाणी आलं. जिभेवर ते कडू औषध ओघळलं आणि घसा आवळला गेला. सगळं बहुधा चार-पाच सेकंदांत आटपलं. दाढ केव्हा निघाली ते आठवत नाही, म्हणजे औषधाने त्याचं काम चोख केलं होतं. बाबांचे हात मात्र आठवतात, कारण ते थरथरत होते. ते मला जखडून ठेवायला धरले होते की धीर द्यायला, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही मी खात्रीने सांगू शकणार नाही. दोन्ही असेल. जिना उतरताना त्यांनी मला उचलून घेतलं होतं, आणि मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

माझी मावसबहीण दंतवैद्य आहे. सांगलीच्या बाजूला एका मोठ्या गावात तिचा दवाखाना आहे. तिला फोनवर आजींबद्दल सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "ताई, त्यांचं काही खोटं नाही. टाळूत घाईने दिलं तर माणूस जन्मभर विसरत नाही." पुढे दिवाळीत गेले तेव्हा दुपारी दवाखाना बंद असताना तिने मला खुर्चीत बसवलं आणि सगळं समजावून दिलं. गालाच्या आतून, जिथे गाल हिरडीला मिळतो तिथली त्वचा सैल असते, बोटाने ओढली की हलते. तिथे औषध सोडलं तर त्याला पसरायला जागा मिळते. टाळूचं तसं नाही. तिथलं आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, तसूभरही सरकत नाही. त्याच्याखाली औषध ढकलायचं म्हणजे ते आवरण हाडापासून सुटावं लागतं, आणि जी कळ डोळ्यांपर्यंत जाते ती या सुटण्याची असते. "पेशंट म्हणतात सुई लागली. सुई फारशी लागत नाही गं. पाणी लागतं. त्यातून जोरात ढकललेलं पाणी."

हे मला नवीन होतं. आपण सगळे सुईकडेच बघत असतो. "डॉक्टर, बारीक सुई वापरा हं," असं सांगणारे तिच्याकडे रोज येतात. दाताच्या सुया मुळातच बारीक असतात: 27 नंबरची साधारण 0.4 मिलिमीटर जाड, 30 नंबरची 0.3. वेगवेगळ्या जाडीच्या सुया पेशंटला न सांगता वापरून पाहिल्या गेल्या आहेत, आणि कुठली कुठली ते लोकांना फारसं ओळखता आलेलं नाही. मग चुरचुरतं ते काय? तर औषध स्वतःच. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बधिर करायला 2 टक्के लिग्नोकेन हे औषध वापरतात आणि त्यात 80 हजारांत 1 भाग अ‍ॅड्रेनलिन असतं. अ‍ॅड्रेनलिनमुळे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तातून वाहून न जाता जागच्या जागी टिकतं, रक्तही कमी येतं. पण हे अ‍ॅड्रेनलिन नासू नये म्हणून ते द्रावण आम्ल ठेवावं लागतं, सामू (पीएच) 4 च्या आसपास किंवा त्याहूनही खाली; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. शरीराचा सामू 7.4. तेव्हा पहिली जळजळ होते ती आंबटपणाची. काही डॉक्टर ऐन वेळी त्यात सोडियम बायकार्बोनेट मिसळून ते सौम्य करतात. फ्रीजमधून काढलेलं औषध गार असतानाच देऊ नये, हेही ती म्हणाली. थोडा वेळ बाहेर ठेवायचं किंवा मुठीत धरायचं.

मग तिने एक कापसाचा बोळा घेतला आणि माझ्या टाळूचा एक भाग आधी कोरडा पुसला. "जेल लावायच्या आधी हे पुसणंच राहून जातं. थुंकीवर जेल लावलं तर ते थुंकीलाच बधिर करतं." जेल गुलाबी होतं, वासाला स्ट्रॉबेरी, चवीला आधी गोड आणि मग कडवट. ते वरवरच दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पोचतं, आणि तेवढ्यासाठीही त्याला एक-दोन मिनिटं लागतात. लावलं आणि लगेच टोचलं तर लावलं न लावलं सारखंच. ती मिनिटं मी छताकडे बघत काढली. तिथे तिने मुलांसाठी मासे चिकटवले होते. मग तिने कापूस गुंडाळलेल्या काडीचं टोक टाळूवर टेकवून दाबलं. घट्ट, सावकाश, एकाच जागी. आरसा धरून मला दाखवलं: दाबलेल्या जागेची लाली जाऊन ती पांढरी पडली होती. "आता या काडीला लागूनच सुई जाते. दाब कळतो, टोचलेलं त्याच्यात विरून जातं." असं का होतं याचा खुलासा मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या दोन अभ्यासकांनी 1965 मध्ये मांडला. दाबाचा, स्पर्शाचा निरोप आणि वेदनेचा निरोप एकाच दारातून मज्जारज्जूत शिरतात, आणि दाबाचा निरोप आधी दारात उभा असेल तर वेदनेला वाट मिळत नाही. गुडघा आपटला की आपण तो चोळतो ते यासाठीच. गालात इंजेक्शन देताना काही डॉक्टर गाल चिमटीत धरून हलवत राहतात, तेही यासाठीच. मी इतकी वर्षं समजत होते की ती त्यांची लकब असावी.

टाळूला पोचायची आणखी एक वाट तिने दाखवली. आधी गालाच्या बाजूने द्यायचं, तिथे दुखत नाही. ते चढलं की दोन दातांच्या मधल्या हिरडीत थेंबभर. तिथून ते पलीकडे झिरपतं आणि टाळूची कडा फिकट होते. मग त्या फिकट झालेल्या जागेतून पुढे. म्हणजे प्रत्येक टोचणी आधीच बधिर झालेल्या जागेत. याला वेगळं मशीन लागत नाही, महाग औषध लागत नाही. थांबावं लागतं, एवढंच.

दाताच्या औषधाची एक कार्ट्रिज साधारण 1.8 मिलिलिटरची असते. ते द्यायला किमान एक मिनिट घ्यावं, असं दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. एक मिनिट म्हणजे काय ते बघावं म्हणून घरी परतल्यावर मी मेडिकलमधून दोन मिलिलिटरची साधी सिरिंज आणली, पाणी भरलं, आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघत ओट्यापाशी उभी राहिले. अंगठा दांड्यावर ठेवला. पंधरा सेकंदांत अर्धं पाणी संपलं होतं, आणि मला वाटत होतं की मी अगदी हळू दाबते आहे. पुन्हा भरलं. हळू दाबायचं म्हटलं की दांडा अडतो, मग जरा जोर लावला की एकदम सरकतो. अंगठ्याच्या मुळाशी बारीक कंप सुटतो. सुईच्या टोकाशी थेंब धरतो, मोठा होतो, पडतो, दुसरा धरतो. तीस सेकंदांच्या पुढे तर सगळं शरीर म्हणतं की टाक आता संपवून. समोर बेसिन होतं. बेसिनच्या जागी आ वासलेलं, घाबरलेलं, डोळे गच्च मिटलेलं माणूस असेल, बाहेर आठजण बसलेले असतील, आणि मदतनीस मुलगी दारातून डोकावून "मॅडम, ते सव्वाअकराचे कधीचे आलेत" म्हणत असेल, तर हा अंगठा काय करेल? त्या कापडदुकानावरच्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात जे साठलेलं होतं त्यातलं थोडं त्या ओट्यापाशी ओघळून गेलं. सगळं नाही.

आता यासाठी यंत्रं आली आहेत. औषध किती वेगाने जावं हे संगणकच ठरवतो, डॉक्टरांच्या हातात पेनासारखी नळी असते आणि थेंब थेंब पुढे सरकतो. 1997 पासून अमेरिकेत ते विकत मिळतं, आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही काही दवाखान्यांत दिसतं. गाल थरथरवणारी छोटी उपकरणंही आहेत. मावसबहिणीला याचं कौतुक आहे, घ्यायचं तिच्या मनातही आहे. पण ती म्हणाली की ते यंत्र जे करतं ते मुख्यतः सावकाशपणा आहे, आणि सावकाशपणा अंगठ्यालाही शिकवता येतो. कॉलेजात त्यांनी पहिलं इंजेक्शन एकमेकींनाच दिलं होतं. तिची जोडीदारीण घाबरून घाईत होती. त्या दिवशीची ती कळ हिच्या अजून ध्यानात आहे, आणि पेशंटच्या तोंडात सुई नेताना रोज एकदा तरी ती आठवते, असं ती म्हणाली.

माझ्या आजीला, म्हणजे आईच्या आईला, दाताचा डॉक्टर ठाऊक नव्हता. परसात विहिरीच्या ओलाव्याला अक्कलकाऱ्याची रोपं होती. पिवळं, पाकळ्या नसलेलं, गोंड्याच्या मधल्या भागासारखं फूल. दाढ दुखली की ती एक फूल तोडून दाढेखाली धरायला सांगायची. आधी गवताची चव, मग आंबट काहीतरी, मग जिभेवर झिणझिण्या, तोंडात लाळेचा पूर, आणि हळूहळू जीभ आपली नाहीच असं वाटायला लागायचं. आम्ही मुलं दाढ दुखत नसतानाही ते चावायचो आणि एकमेकांना बधिर जिभेने नावं विचारायचो. त्यात स्पिलँथॉल नावाचं द्रव्य असतं. लवंगेत युजेनॉल असतं, आणि ते तर दंतवैद्यांनी कधी सोडलंच नाही. झिंक ऑक्साइडबरोबर कालवून दाढेत भरतात, म्हणून दाताच्या दवाखान्याला आजही लवंगेचा वास येतो.

गंमत अशी की आज आपल्या हिरडीत जातं ते लिग्नोकेनही जिभेवरूनच आलं. 1935 मध्ये स्वीडनमध्ये होल्गर एर्टमन हा रसायनशास्त्रज्ञ बार्लीतल्या एका द्रव्याशी संबंधित काम करत होता. तयार झालेला पदार्थ त्याने चाखला, आणि त्याची जीभ बधिर झाली. त्या धाग्यावरून नील्स लोफग्रेनने पुढे अनेक रेणू बनवले, त्यांतला एक 1943 मध्ये कामाचा निघाला. त्याचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट याने तो स्वतःच्याच शरीरात टोचून घेऊन पाहिला. 1948 मध्ये औषध बाजारात आलं. त्याआधी नोव्होकेन होतं, 1905 पासून. त्याच्याही आधी कोकेन. 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने ते डोळ्यात वापरलं आणि लगोलग न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने खालच्या जबड्याची नस त्याने बधिर करून दाखवली. आजही खालची दाढ काढताना मूलतः तेच करतात. हॉल्स्टेडने प्रयोग स्वतःवर केले, आणि त्या कोकेनचं व्यसन त्याला लागलं. मला हे वाचताना फार भरून आलं. दुसऱ्याला दुखू नये म्हणून किती जणांनी आपली जीभ, आपली कातडी, आपलं अख्खं आयुष्य पुढे केलं. एवढ्या खटपटीने मिळालेलं औषध शेवटच्या वीतभर अंतरात, सिरिंजपासून हिरडीपर्यंत, घाईमुळे बदनाम व्हावं?

भीतीचं मात्र नुसत्या अंगठ्याने भागत नाही. माझे एक काका अजून कुठल्याही डॉक्टरकडे गेले की आधी सांगतात, "मला दाताच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे." झालं होतं असं: रक्त तपासायला जातात तसे ते उपाशीपोटी गेले, खुर्चीत ताठ बसले, सुई पाहिली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मान टाकली. ही अ‍ॅलर्जी नव्हे. भीतीने रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, डोक्याला रक्त कमी पडतं; आडवं करून पाय वर घेतले की माणूस शुद्धीवर येतो. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फारच दुर्मीळ आहे. पण हे त्यांना त्या दिवशी कुणी समजावून सांगितलं नाही, आणि तेव्हापासून ते दाढ दुखली की एका बाजूने चावतात. दुसरं असं की इंजेक्शननंतर कधी कधी छाती धडधडते. ते अ‍ॅड्रेनलिनमुळे, थोड्या वेळात थांबतं. आधी सांगितलेलं असेल तर माणूस ती धडधड मोजत शांत बसतो. न सांगितलेलं असेल तर त्याला वाटतं, गेलो. एका वाक्याचा फरक.

आणि एक गोष्ट मला मनापासून खुपते. "बधिर झालंय, तुम्ही उगाच घाबरताय." हे वाक्य कितीतरी जणांनी, विशेषतः बायकांनी, खुर्चीत ऐकलं आहे. मीही ऐकलं आहे. ओठ जाड झालेला असतो, जीभ जाड झालेली असते, आणि तरी आत कळ उमटते. मावसबहिणीने याचं कारण सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं. ओठ बधिर झाला म्हणजे दाताच्या आतली नस बधिर झालीच असं नसतं. नस फार सुजलेली असेल तर ब्लॉक, म्हणजे जबड्याची मुख्य नसच बधिर करणारं इंजेक्शन, लागूनही ती जागी राहू शकते. शिवाय पू झालेल्या जागेतलं वातावरण आम्ल असतं, आणि अशा जागी औषधाचे नसेत शिरू शकणारे रेणू कमी पडतात. म्हणजे पेशंट खरं बोलत असतो. अशा वेळी पुन्हा देता येतं, दुसऱ्या जागी देता येतं, आधी सूज उतरवता येते. पण त्याची सुरुवात समोरच्यावर विश्वास ठेवण्यापासून होते. त्या आजींना मागच्या खेपेला काय झालं असेल कोण जाणे. त्या ओरडल्या असतील, आणि कुणीतरी त्यांना ओरडू नका म्हणून दटावलं असेल, एवढं त्यांच्या त्या कबुलीवरून मला वाटतं.

माझ्या भाचीची दुधाची दाढ भरायची होती, तेव्हा भावाने मला गाडीत हळूच बजावलं होतं, "ताई, तिला सुईचं काही बोलू नकोस. फक्त दात मोजणार म्हणून सांगितलंय." भावाचं मन मला कळतं. त्याला तिची रात्र रडण्यात जायला नको होती. पण मी त्याला नको म्हटलं, आणि मागे वळून तिला जे होणार ते क्रमाने सांगितलं: आधी जेल, ते कडू लागेल, मग दाबल्यासारखं, मग थोडं टोचेल, थोडं चुरचुरेल, तेवढ्यात तू हळूहळू श्वास सोडायचास, मग ओठ जाड वाटेल आणि तो संध्याकाळपर्यंत तसाच राहील, तो चावायचा नाही. तिने फक्त एकच विचारलं, "आत्या, मधेच थांबवता येतं?" ही तिची खरी अडचण होती. डॉक्टरांनीही तिच्याशी अगदी नीट बोलून घेतलं. सुई तिच्या डोळ्यांसमोरून नेली नाही, हनुवटीच्या खालून आणली. पण सुई नाहीच असं एकदाही म्हणाल्या नाहीत. आधी आरसा तिच्या हातात दिला, पाण्याचा फवारा तिच्या नखावर मारून दाखवला. मुलांना आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही पद्धत 1959 पासून शिकवली जाते. डावा हात वर केलास की मी थांबेन, असं ठरलं. तिने मधे हात वर केला. डॉक्टर खरंच थांबल्या. "अर्धं गेलंय. अर्धं राहिलंय. सांग." ती थोडा वेळ विचार करत होती, आम्ही सगळे वाट बघत होतो. मग तिने हात खाली घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, दुखलं नाही असं नाही. पण घरी जाताना ती माझ्याशी बोलत होती, न थांबता, त्या जाड ओठाने.

दाताच्या बिलात एक्स-रेचे पैसे असतात, सिमेंटचे असतात, कॅपचे तर असतातच. थांबण्याचे नसतात. सरकारी दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत सकाळी किती रांग असते ते मी पाहिलं आहे. शिबिरात एका दिवसात शेकड्याने दाढा निघतात. तिथल्या डॉक्टरला प्रत्येकामागे तीन मिनिटं जास्त दे म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. तरीही मला वाटतं की पेशंटने मागितलं तर ती मिनिटं मिळतात, आणि आपण मागत नाही. खुर्ची मागे झुकायच्या आत मी आता सांगून टाकते: टाळूत द्यायचं असेल तर जेलला वेळ द्या, औषध अगदी सावकाश सोडा, आणि मी हात वर केला तर थांबा. मला आजवर कुणी वेड्यात काढलेलं नाही. एकदा कामासाठी नाशिकला असताना दाढेने छळलं म्हणून दिसेल त्या दवाखान्यात शिरले. डॉक्टर अगदी तरुण होता, बाहेर गर्दी होती, आणि मला वाटलं आता हा वैतागणार. त्याने माझं ऐकून घेतलं, टाळू पुसून जेल लावलं आणि म्हणाला, "मग याला दोन मिनिटं लागतील, मॅडम. तोवर पलीकडच्या खुर्चीवरच्या काकांचा एक्स-रे बघून येतो." गेला, आणि दोन मिनिटांनी परत आला.